हाताला दिसतं

त्या संध्याकाळी शेडसमोरच्या मोकळ्या जागेत मुंगीला शिरायला वाव नव्हता. रद्दीचे गठ्ठे भिंतीशी सारले होते आणि त्या गठ्ठ्यांवरच माणसं चढून बसली होती. वजनकाट्याच्या पाटावर दोन म्हाताऱ्यांनी ठाण मांडलं होतं. पुठ्ठा, पत्रा, काच आणि बाटल्या निवडून पोट भरणारी ही वस्ती. एरवी या वेळेला सगळ्यांच्या कंबरेचे टाके ढिले झालेले असतात आणि जो तो अंग टाकायला बघतो. आज मात्र कुणी घरी जायचं नाव घेत नव्हतं. टेबलावर नऊ वर्षांची चिमणी उभी होती, तिच्या डोळ्यांवर स्पंज भरलेली जाड काळी पट्टी होती, आणि ती वाचणार होती.

"बघा मंडळी, बघा!" दृष्टीसर माइकवर गरजले. "म्हणजे तुम्ही बघा, ती बघणार नाही! या विश्वातली प्रत्येक वस्तू थरथरते. दगड थरथरतो, पाणी थरथरतं, अक्षरसुद्धा थरथरतं. विज्ञान आहे हे, जादू नाही. माझ्या अंतर्दृष्टी वर्गात मुलांच्या बोटांना ही थरथर कळायला लागते. डोळे म्हणजे खिडक्या हो, नुसत्या खिडक्या! भिंतच पारदर्शक झाली तर खिडकी हवीय कुणाला?"

"वारा सुटला की आमच्या शेडचा पत्रापण थरथरतो," भोंगा मावशी शेजारणीला म्हणाली. तिचं कुजबुजणंसुद्धा वस्तीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं, म्हणून तर ते नाव. आजूबाजूचे हसले, पण लगेच गप्प झाले, कारण सरांनी चिमणीच्या हातात एका वेष्टनाचा कागद दिला होता.

चिमणीने कागद गालाला लावला, हुंगला, पोटाशी धरून त्यावरून सावकाश बोट फिरवलं. मग बारीक आवाजात ती वाचू लागली, "थंड आणि कोरड्या जागी ठेवा. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका."

टाळ्यांनी पत्रे दणाणले. म्हाताऱ्यांनी काट्यावर बसल्या बसल्या डोळे पुसले. ज्या मुलांना शाळेत शेवटच्या बाकावर बसवतात, ज्यांच्या कपड्यांना वास येतो म्हणून शेजारची पोरं नाक दाबतात, त्यांच्यातलं एक लेकरू डोळे बांधून वाचत होतं. या वस्तीला इतका मान आजवर कुणी दिला नव्हता.

थोरली मागे दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. चिमणी तिची सख्खी धाकटी बहीण. आईने थोरलीचा हात घट्ट धरून ठेवला होता आणि तिचा चेहरा असा फुलला होता, की थोरलीला तिच्याकडे बघून आधी बरंच वाटलं.

"बघितलंस?" आई म्हणाली. "मी कधीची सांगतेय. हाताला दिसतं."

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर ही माणसं उगाच भोळी वाटतील, आणि ती भोळी मुळीच नव्हती. भंगाराच्या भावात त्यांना फसवून दाखवावं कुणी. पण शेडमध्ये उजेड बेताचा आणि माल ढिगाने, त्यामुळे निवडणाऱ्यांची बोटं तयार होतात. वर्तमानपत्राचा कागद खरखरीत, मासिकाचा गुळगुळीत, मेणाचा हात दिलेला पुठ्ठा गार. चांगली निवडणारी बाई मान वर करून गप्पा मारता मारता ढीग वेगळे करते आणि चूक होत नाही. नवीन पोरगी कामाला लागली की तिला पहिल्या दिवशी हेच सांगतात, बघत बसू नकोस, हाताला दिसतं. त्यामुळे बोटांना कागद कळतो म्हटल्यावर बंगल्यातली माणसं कदाचित हसली असती. इथे मात्र सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनी त्यांच्या कसबाचं बोट धरलं होतं आणि तिथूनच त्यांना आडवाटेला नेलं होतं. कागदाचा पोत बोटाला कळतो, त्याच्यावर छापलेलं कळत नाही, हा फरक कुणाच्या ध्यानात आला नाही. आईच्या तर नाहीच नाही. सगळ्या शेडमध्ये तिच्याइतका पक्का हात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

आणि आईलाच काचबिंदू होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, डोळ्यातला दाब वाढतोय, थेंब रोज घालायचे, जन्मभर घालायचे, जी नजर गेली ती परत येत नाही. आई थेंब घालायची. डोळे चुरचुरायचे, ती शिव्या घालायची, पण थेंब चुकवायची नाही. अलीकडे मात्र तिला डावीकडून येणारी हातगाडी दिसत नव्हती. परवा ती दाराच्या कडेला धडकली आणि "दारच मेलं वाकडं आहे" म्हणून हसली. थोरलीला हसू आलं नाही. तिने फळीवरची थेंबांची बाटली काढून बघितली. बाटलीचं सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं.

"हे काय गं आई?"

"बंद केलेत. सर म्हणाले, थेंबांनी बाहेरचा डोळा जागा राहतो, मग आतला उघडत नाही."

"आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?"

"ती बाई मान वर करून बोलते तरी का माझ्याशी? लिहिते, फाडते, देते. सर मला माई म्हणतात. आणि मी काय वेडी आहे? आधी ताईंना सांगितलं. त्या काही 'नको' म्हणाल्या नाहीत."

आईने काहीतरी अर्धवट ऐकलं असणार, असं थोरलीने मनाशी ठरवून टाकलं. ताईंच्या बाबतीत दुसरं काही तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

ताई शेडच्या वरच्या खोलीत वाचनवर्ग चालवायच्या. त्या वर्गाची रीतच वेगळी होती. तिथे पाठ्यपुस्तक नव्हतं. प्रत्येकाने दिवसभराच्या ढिगातून छापलेला एक कागद उचलून आणायचा, साबणाची जाहिरात, निवडणुकीचं पत्रक, गोळ्यांचं वेष्टन, काहीही. तो मोठ्याने वाचायचा आणि मग सगळ्यांनी मिळून त्याची उलटतपासणी करायची. हे कोण बोलतंय? कुणाला सांगतंय? त्यात त्याचा फायदा काय? काय सांगायचं टाळलंय? थोरली तेरा वर्षांची होईपर्यंत तिला धड वाचता येत नव्हतं, आणि सोळाव्या वर्षी ती ठेकेदाराच्या नोटिशीतलं खोटं चारचौघांत वाचून दाखवत होती. "छापलंय म्हणून खरं नसतं," ताई म्हणायच्या, "आणि मी म्हणतेय म्हणूनही नसतं." हे दुसरं वाक्य त्या हसत म्हणायच्या. थोरलीचा त्यांच्यावर इतका जीव होता, की तेवढं एक वाक्य तिने कधी मनावर घेतलं नव्हतं.

त्या संध्याकाळी कार्यक्रमाहून घरी आल्यावर थोरलीने चिमणीला समोर बसवलं. पट्टी बांधली. मग एक कागद घेऊन तो चिमणीच्या डोक्याच्या वर धरला आणि तिचं बोट त्यावर टेकवलं.

"वाच."

"असा नाही. खाली दे."

"का? बोटांनीच वाचतेस ना? बोट तर टेकलंय."

चिमणीने एकदम भोकाड पसरलं. "सरांनी सांगितलंय, कुठून दिसतं ते बोललं की शक्ती जाते! आता माझी गेली!"

"जाऊ दे. कुठून दिसतं?"

चिमणीने हुंदके देत नाकाच्या बाजूला बोट लावलं. पट्टी कितीही जाड असो, नाक मध्ये येतं. नाक आणि गालाच्या मध्ये बारीक फट राहते. डोकं सरळ ठेवून बुबुळं खाली नेली, की पोटाशी धरलेला कागद दिसतो. सर कुणालाच खोटं बोल म्हणत नव्हते. ते नुसते म्हणायचे, जे दिसेल ते वाच, हुंगायला विसरू नकोस, आणि कसं दिसलं ते कुणाला सांगू नकोस. बाकीचं काम पोरांची हुशारी आणि टाळ्यांची हौस करत होती.

"मला का नाही सांगितलंस?" थोरली म्हणाली.

"ताईंना सांगितलं होतं ना मी. पहिल्याच दिवशी. त्या म्हणाल्या, तू हुशार आहेस, पण आत्ता कुणाजवळ बोलू नकोस."

थोरली उठली ती तडक वरच्या खोलीत गेली. ताई नवीन कपाटात नवी पुस्तकं लावत होत्या. कपाट सरांच्या संस्थेचं, पुस्तकं त्यांची, डोक्यावरचं न गळणारं छप्परही त्यांचंच. थोरलीने हे सगळं आधीही बघितलं होतं आणि आनंदाने बघितलं होतं.

"ताई, पट्टीला फट असते हे तुम्हाला माहीत होतं?"

ताईंनी हातातलं पुस्तक उगाच पुसलं. "बस आधी."

"माहीत होतं की नाही?"

"होतं." ताई हळू आवाजात म्हणाल्या. "अगं, पण जरा विचार कर. पावसात हा वर्ग बंद पडायचा. देणगी मागायला कुणाच्या दारात गेलं की म्हणायचे, कचरा निवडणाऱ्यांच्या पोरांना वाचून करायचंय काय? हा माणूस आला. त्याला त्याच्या जाहिरातीला मुलं हवी होती. मोठ्या सभागृहात नेऊन पैसेवाल्या आईबापांना सांगतो, कचऱ्यातली मुलं एवढं करतात, तर तुमची किती करतील! ऐकताना अंगावर काटा येतो, पण आपल्या मुलांना टाळ्या मिळाल्या गं. तेवढ्याने ती ताठ उभी राहायला लागली. वर्षभर निभावून न्यायचं आणि मग मीच सगळं सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं मी."

"आईने थेंब बंद केलेत."

ताईंची नजर थोरलीच्या खांद्यावरून भिंतीकडे गेली, आणि त्या नजरेनेच थोरलीला सगळं सांगितलं.

"म्हणजे आई खरं बोलत होती. तिने सांगितलं होतं तुम्हाला."

"मला वाटलं, ती दवाखान्यात विचारेल."

"तिने तुम्हाला विचारलं, ताई!"

थोरली जिना उतरली. तिला सरांचा राग आला नव्हता. असा माणूस काय करणार, हे तिला त्या वरच्या खोलीतच शिकवलं होतं. पण जिने शिकवलं तीच माहीत असून गप्प बसली होती. घरात कुणी दगा दिला असता तरी तिला इतकं लागलं नसतं. साबणाच्या जाहिरातीची चिरफाड करायला लावणाऱ्या बाईने तिच्या आईचे डोळे छपराच्या बदल्यात जाऊ दिले होते. ती शेडमागे जाऊन पोटभर रडली, तोंड धुतलं आणि घरी गेली. आईला तिने फटीचं सांगून बघितलं. आई म्हणाली, "धाकटीचं कौतुक झालं ते बघवत नाही का तुला?" आणि कूस बदलून झोपली.

पुढच्या कार्यक्रमाला सरांनी नवीनच टूम काढली. टेबलावर एक पेटी ठेवली होती. मोठ्या माणसांनी आपले चष्मे आणि डोळ्यांची औषधं त्या पेटीत टाकायची आणि अंतर्दृष्टीचा संकल्प सोडायचा. पहिला मान माईंचा. आई पदर सारखा करत उठली. तिच्या मुठीत थेंबांची न फोडलेली बाटली होती.

थोरली तिच्या आधी टेबलावर चढली. चिमणीच्या हातातली पट्टी घेऊन तिने स्वतःच्या डोळ्यांवर बांधली.

"मावशी, कसलाही कागद दे."

भोंगा मावशीने बसल्या गठ्ठ्यातून एक पान ओढून दिलं. थोरलीने ते हुंगलं, गालाला लावलं, पोटाशी धरलं आणि घडाघडा वाचलं. "घरबसल्या केस काळे करा. आजच संपर्क साधा."

एकच गलका उसळला. "हिलापण आली! थोरलीलापण शक्ती आली!" काट्यावरच्या म्हातारीने तर लांबूनच हात जोडले.

थोरलीने कपाळावर हात मारला. फजिती करायला गेली आणि स्वतःच चमत्कार होऊन बसली. सरही काही कच्चे नव्हते. "बघा!" ते ओरडले. "माझ्या नुसत्या सहवासाने—"

"मी एक दिवस तुमच्या वर्गाला आले नाही!" थोरलीने पट्टी ओरबाडून काढली. "मावशी, तू बांध. तुला वाचता येत नाही ना? मग नुसतं सांग, हातातल्या कागदावर चित्र कसलं आहे."

"संशयी लहरींनी शक्ती मावळते," सर घाईने म्हणाले. "ही मुलगी वातावरण दूषित करतेय."

"मावळू द्या, आमच्याकडे आहेच कुठे," म्हणत भोंगा मावशीने पट्टी चढवली. कागद हातात घेतला. मान एकदा इकडे केली, एकदा तिकडे. मग तिचा आवाज वस्तीच्या पार पलीकडे गेला असेल. "अगंबाई! नाकाशेजारून दिसतंय की! बाई आहे, लांब केसांची, आणि हसतेय मेली!"

मग पट्टी या हातातून त्या हातात फिरली. निवडणाऱ्या बायका, हातगाडीवाले, म्हाताऱ्या, जो तो बांधून बघू लागला. "हो गं, दिसतंय." "खाली बघितलं की दिसतंय." थोरलीने चिंध्यांच्या ढिगातून स्वच्छ कापूस घेतला, चिमणीला पुन्हा पट्टी बांधली आणि नाकाच्या दोन्ही बाजूंच्या फटी कापसाने गच्च भरल्या. कागद दिला. चिमणीने बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"काही नाही दिसत," ती म्हणाली. "नुसता अंधार आहे."

"सर, आता तुम्ही वाचून दाखवा," मावशी म्हणाली. "तुमची भिंत तर पारदर्शक असेल."

"मी माझी शक्ती मुलांना दान केली आहे," सर म्हणाले, आणि या वेळी लोक खरंच खदाखदा हसले. त्यांचा चेहरा बदलला. माइक चालूच आहे हे ते विसरले. "असल्या लोकांना वर काढायला गेलं की हेच होतं. घाणीत जन्म, घाणीतच मरणार."

हसू जागच्या जागी थांबलं. एवढे दिवस माई, मावशी, दादा म्हणणाऱ्या तोंडातून ते शब्द आले होते. सर पेटी तिथेच टाकून गाडीकडे निघाले आणि कुणी त्यांना अडवलं नाही.

आई मात्र अजून बाटली धरून उभी होती. तिने थोरलीकडे बघितलं नाही. तिने मान वळवली, बरीच वळवावी लागली, आणि डावीकडे उभ्या असलेल्या ताईंना विचारलं, "ताई, तुम्ही सांगा. पोरगी म्हणते ते खरं?"

ताईंना नाही म्हणता आलं असतं. निदान गप्प तरी बसता आलं असतं, ते त्यांना जमत होतं. पण त्या म्हणाल्या, "खरं आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मी थेंब बंद केल्याचं सांगितलं, तेव्हाही?"

"तेव्हाही."

आई गठ्ठ्यावर बसली. "मी तुमच्या तोंडाकडे बघत होते हो," ती म्हणाली. "तुम्ही नुसती मान हलवून नको म्हणाला असतात, तरी मी थांबले असते. त्या माणसावर नाही मी विश्वास ठेवला. तुम्ही गप्प बसलात, त्याच्यावर ठेवला."

थोरली आईला दवाखान्यात घेऊन गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, उजवा डोळा अजून सांभाळता येईल, थेंब चुकवू नका. डाव्याची बाजूची नजर आणखी गेली आहे आणि ती आता येणार नाही. थोरलीने त्यांना सगळं समोरासमोर विचारलं, का, कसं, पुढे काय. बाईंनी मान वर केली आणि दोन वेळा समजावून सांगितलं. विचारलं तर सांगत होत्या.

सरांच्या संस्थेने कपाट परत नेलं. ताई एका दुपारी घरी आल्या आणि आईसमोर जमिनीवर बसल्या. माफी मागितली, रडल्या, वर्ग सोडून जाते म्हणाल्या.

"जाऊन काय होणार?" आई म्हणाली. "पोरांना वाचायला शिकवलंत, ते खरंच शिकवलंत. तुम्हाला माफ करणं माझ्या हातात आहे, करेन कधीतरी. डावीकडून येणारी गाडी दिसणं आता कुणाच्याच हातात नाही."

थोरली त्या दिवशी ताईंशी बोलली नाही. पुढेही बरेच दिवस बोलली नाही. पण वर्गाला मात्र ती पुन्हा जायला लागली, कारण चिमणीला आणि तिच्यासारख्या इतर मुलांना, टाळ्यांसाठी खोटं बोलायला लावलं म्हणजे ती ताठ उभी राहत नाहीत, हे कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. पहिल्याच दिवशी ती मुलांना जे म्हणाली ते भाषण नव्हतं, पण तेच इथे सांगण्यासारखं आहे.

"कुणी चमत्कार दाखवला, तर आधी म्हणा, पुन्हा करून दाखव, मी सांगते तसा. करता आला नाही आणि तो तुमच्या संशयावर रागावला, तर समजा काय ते. औषध बंद कर म्हणाला, तर तिथून उठा. एवढं सोपं आहे. अवघड आहे ते पुढचं. ज्याच्यावर आपला जीव असतो त्याला आपण विचारतच नाही, आणि लबाड माणूस नेमका त्याच्याच मागे येऊन उभा राहतो. म्हणून त्यालाही विचारा. मलाही विचारा. मला राग आला तरी विचारा."

मागच्या ओळीत ताई बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली नाही. चिमणीने हात वर केला आणि म्हणाली, "मग आत्ताच विचारते. आईचा उजवा डोळा आता कधीच जाणार नाही, असं तू काल तिला म्हणालीस. ते खरं आहे?"

सगळी मुलं थोरलीकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "ते मी खोटं बोलले. आज घरी जाऊन तिला खरं सांगते."